जवळ राहण्याचे तोटे

आबिड्सला घर असण्याचा तोटा एकच आहे, पण तो जबरदस्त आहे. इथून सगळं जवळ आहे. नामपल्ली स्टेशन जवळ, मोअज्जमजाही मार्केट जवळ, नुमाईशचं मैदान जवळ, रवींद्र भारतीही फार लांब नाही. सिनेमाची थिएटरं तर एके काळी इतकी जवळ होती, की एका खिडकीवर 'हाउसफुल'ची पाटी लागली तर मान वळवून दुसरीकडे काय लागलंय ते वाचता यायचं. "लांब पडतं गं, कशाला दगदग?" या एका वाक्याच्या जोरावर मराठी पुरुषांच्या पिढ्यान् पिढ्यांनी आपले रविवार वाचवले आहेत. आमच्या घरात ते वाक्य कुणाला कधी वापरताच आलं नाही. बाबांनी एकदोनदा प्रयत्न केला, तेव्हा आईने त्यांना गच्चीवर नेऊन बोट दाखवलं. "ते बघा. तिथे आहे. इथून दिसतंय."

आमच्या आईला नाटक, सिनेमा, टीव्ही आणि प्रवास अशी चार व्यसनं आहेत. नुसती आवड असलेला माणूस चांगलं-वाईट निवडतो. आई निवडत नाही. पडदा वर जाणार असेल, दिवे मालवणार असतील किंवा शिट्टी होऊन गाडी हलणार असेल, तर ती तिथे हजर असते. पडद्यामागे काय आहे, अंधारात काय दिसणार आहे आणि गाडी चालली आहे कुठे, हे किरकोळ तपशील ती नंतर बघते.

आई मूळची परभणीची. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झालं. त्यानंतर दहाएक वर्षांनी आईला हैदराबादचं स्थळ सांगून आलं. आजोबांना घोर लागला, की मुलगी परराज्यात चालली, तिथली भाषा वेगळी, माणसं वेगळी. आईने मध्यस्थांना एकच प्रश्न विचारला : "तिथे थिएटरं किती आहेत?" मध्यस्थ म्हणाले, "आबिड्सला घर आहे त्यांचं. आता मोजत कोण बसलंय!" तेवढ्यावर लग्न ठरलं. बाबा पुढे आयुष्यभर सांगत, "हिने होकार आबिड्सला दिला. मी घराबरोबर आलो."

बाबा सरकारी हिशेबखात्यात होते. आरामखुर्ची, वर्तमानपत्र आणि कुठेही जायचं नसणं, ही त्यांची सुखाची कल्पना. त्यामुळे आबिड्सवर त्यांचा खास राग होता आणि तो त्यांनी थेट मूळ पुरुषावर काढला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी अल्बर्ट आबिद नावाचे एक आर्मेनियन ज्यू गृहस्थ होते. त्यांनी इथे दुकान थाटलं आणि त्या दुकानावरून साऱ्या भागाला नाव पडलं. एकदा अंगात घातलेला पोशाख निजामसाहेब पुन्हा घालत नसत, अशी त्यांची ख्याती. जिथल्या मालकाची हौस अशी, तिथल्या भाडेकरणीची कशी असेल? आई पदर सावरत "चला, उशीर होतोय" म्हणाली, की बाबा चपला शोधता शोधता पुटपुटायचे, "त्या आबिदसाहेबांनी दुकान चारमिनारपाशी काढलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

पॅलेस, जमरूद, लाइटहाउस, संतोष, सपना, रामकृष्ण ही नावं मी शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ केली. त्यातली कितीतरी आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. रामकृष्ण हे एन. टी. रामाराव यांच्या कुटुंबाचं. आईला तेव्हा तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं, आणि ही गोष्ट तिला अडचण वाटतच नव्हती. 1977 साली रामारावांचा 'दानवीर शूर कर्ण' आला. दिग्दर्शन त्यांचं, आणि कर्ण, दुर्योधन, कृष्ण अशा तिन्ही भूमिका त्यांच्याच. सिनेमा चार तासांच्या घरातला. बाबा घड्याळाकडे बघून म्हणाले, "एवढा वेळ बसून तुला कळणार काय?"

आई म्हणाली, "का? महाभारत माहीत नाही का मला?"

सिनेमा संपल्यावर बाहेर सगळा आबिड्स रामारावांच्या तीन भूमिकांनी भारावलेला. आई मात्र शांत. लग्नाआधी पुण्याला मामांकडे गेलेली असताना तिने अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' पाहिलं होतं. फिरता रंगमंच आणि त्यावर प्रभाकर पणशीकर पाच भूमिकांत. "यांनी तीन केल्या, छान केल्या," ती शेजारच्या तेलुगू बाईंना हिंदीत समजावत होती, "पर हमारे पणशीकरने पाच किये. वो भी सामने उभे राहून. बीच में कट बोलनेवाला भी कोई नहीं." त्या बाईंना पणशीकर कोण ते ठाऊक नव्हतं. घरी पोचेपर्यंत झालं.

तेलुगू ती या सिनेमांतूनच शिकली. त्याचा परिणाम असा झाला, की तिची तेलुगू कैक वर्षं फक्त पौराणिक होती. भाजीवाल्याला भेंडीचा भाव ती दुर्योधनाच्या थाटात विचारायची. भर सभेत आव्हान दिल्यासारखा तिचा आवाज चढला, की गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या. भाजीवाला आधी दचकायचा, मग त्यालाही चेव यायचा. तोही हात पसरून तसंच उत्तर द्यायचा आणि शेवटी कर्ण होऊन कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायचा. बाबा हिशेबखात्यातले असल्यामुळे त्यांनी ही कोथिंबीर सिनेमाच्या खर्चातून वजा करायला सुरुवात केली होती.

त्यांना सिनेमाला नेण्याची आईची युक्ती होती ती म्हणजे नंतरचं खाणं. आबिड्सचं ताजमहाल हॉटेल 1948 पासूनचं. सिनेमा सुटला, की तिथे इडली, नाहीतर दोसा. बाबांचं सिनेमाचं परीक्षण त्या टेबलावर ठरायचं. दोसा कुरकुरीत असला, की म्हणायचे, "पटकथा घट्ट आहे." कॉफीवर चांगला फेस आला, की "शेवट उत्तम साधलाय." मधल्या तीन तासांत ते काय करत, हे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांना घोरण्यावरून कळत असे.

नाटकाची गोष्ट वेगळी. सिनेमा रोजचा, नाटक सणासारखं. रवींद्र भारती 1961 साली उभं राहिलं. तिथे मुंबई-पुण्याचं एखादं मराठी नाटक येणार अशी कुणकुण लागली, की काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, गौलीगुडा इथली मराठी घरं हलायला लागायची. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे नाटक चुकलं तर पुढच्या शनिवारी दुसरं असतं. आमच्याकडे हे चुकलं तर पुढचं कधी, ते नटराजालाच ठाऊक. त्यामुळे नाटक कसं आहे, हा प्रश्न आमच्याकडे गौण. आलंय ना? मग चांगलंच आहे. आवारात शिरल्यापासून "कधी आलात परभणीहून?", "मुलीचं जमलं का?", "तुमच्या मोतीबिंदूचं काय झालं?" असा एक अंक बाहेरच व्हायचा. आतले अंक त्याच्या मानाने आखूड असत.

आई पहिल्या तीन रांगांत बसते, कारण तिला पात्रांना मदत करायची असते. "अगं, मागे बघ! दाराआड उभा आहे तो!" हे ती नायिकेला इतक्या कळवळून सांगते, की एकदा एक नटी खरोखरच मागे वळली. दाराआडचा नट गडबडला आणि पुढे यायच्याऐवजी आणखी आत गेला. दुसऱ्या अंकात उघडकीला यायचं रहस्य पहिल्याच अंकात फुटतं की काय, अशी वेळ आली. सुदैवाने प्रकाशयोजना करणाऱ्याने दिवे मालवले. मध्यंतरात बटाटेवडा खाताना आई समाधानाने म्हणाली, "वेळेवर सांगितलं म्हणून बरं."

नाटक संपल्यावर आई रंगपटात जाते. तिथे जाऊन सही वगैरे मागणं तिला मंजूर नाही. तिला त्या लोकांची चौकशी करायची असते. एका नाटकात सुनेचा अतोनात छळ करणारे एक गृहस्थ होते. रंग पुसत बसलेल्या त्या नटासमोर आई जाऊन उभी राहिली.

"तुमच्यासारखा दुष्ट माणूस मी आजवर पाहिला नाही."

"धन्यवाद," तो हात जोडून म्हणाला.

"जेवलात का?"

"अजून नाही."

"गाडी उद्या दुपारची ना? सकाळी जेवायला या. इथून जवळच आहे."

तो आला. आमटी दोनदा मागून घेतली. तेवढ्या वेळात आईने त्याला सुनेशी कसं वागावं यावर चार समजुतीचे शब्द सांगितले आणि त्याने ते मान खाली घालून ऐकले. जाताना म्हणाला, "मावशी, पुढच्या प्रयोगापासून थोडं कमी ओरडतो." बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "सुटलास. आम्ही रोजचे आहोत."

हौशी रंगभूमीचीही आईने सेवा केली आहे. गणेशोत्सवातल्या नाटकात कुणीतरी आजारी पडलं, म्हणून तिने बाबांना हवालदार म्हणून उभं केलं. त्यांना एकच वाक्य होतं : "साहेब, आरोपी पळाला." बाबांनी रंगमंचावर येऊन सलाम ठोकला आणि समोरचा जनसमुदाय पाहून ते गप्प झाले. प्रॉम्प्टरने विंगेतून वाक्य दिलं. बाबा गप्प. मग पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "अहो, आरोपी पळाला!" आरोपीचं काम करणारा तरुण विंगेत चहा पीत होता. हा आपलाच क्यू, असं समजून तो घाईघाईने आत धावत आला. साहेबांनी त्याला तिथेच पकडलं. बाबांनी पुन्हा सलाम ठोकला आणि ते निघून गेले. हैदराबादच्या हौशी रंगभूमीवर इतका कार्यक्षम हवालदार त्यानंतर झाला नाही.

टीव्ही आमच्याकडे आला तेव्हा मुंबईचं मराठी दूरदर्शन हैदराबादला दिसत नसे. आईची धाकटी बहीण दादरला. तिच्याकडे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिमणराव आणि गुंड्याभाऊ टीव्हीवर दिसायला लागले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. आईच्या जिवाची घालमेल झाली. शेवटी दोघी बहिणींनी तोडगा काढला. मावशीने भाग बघायचा आणि अंतर्देशीय पत्रात उतरवून पाठवायचा. आमच्याकडे चिमणराव असे पोस्टाने यायचे. आबिड्सचं बडं पोस्ट ऑफिस अर्थातच जवळ. पत्र यायला उशीर झाला तर आई तिथे जाऊन विचारून यायची. मावशी अक्षर बारीक काढायची, तरी अंतर्देशीय पत्र ते केवढं! ऐन गोंधळात जागा संपायची आणि घडीच्या कडेला उभं लिहिलेलं असायचं, 'बाकी पुढच्या पत्री. मुलांना आशीर्वाद.' पुढचा भाग येईपर्यंत आई अस्वस्थ. पुढे मालिकांमध्ये 'क्रमशः' दिसू लागलं, तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आम्ही पोस्टखात्याच्या हाताखाली तयार झालो होतो.

इथल्या केंद्रावर जे लागेल ते मग ती बघायची. भातावरच्या किडीचा बंदोबस्त कसा करावा, हे तिने तेलुगूतून मन लावून पाहिलं आणि परभणीला मामाला सविस्तर कळवलं. मामाकडे ज्वारी आणि कापूस. त्याने उलट टपाली लिहिलं, 'भात लावला की नक्की करीन.'

1987 च्या जानेवारीत रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं आणि रविवारच्या सकाळी आबिड्सचे रस्ते मोकळे पडू लागले. फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग होते तिथे, पण त्यांचा धनी कुठल्यातरी दुकानाच्या टीव्हीसमोर. आमच्या दिवाणखान्यात अर्धी गल्ली. आईची मात्र फार ओढाताण व्हायची. मंथरा समोर आली, की संतापाने तिच्या मुठी वळायच्या. पण मंथरा होत्या ललिता पवार. "मेली कान भरतेय बघा," असं म्हणून होतं न होतं तोच ती शेजाऱ्यांकडे वळून अभिमानाने सांगायची, "हमारी मराठी है." रामाला वनवासात धाडण्याचं सगळं पाप त्या महिन्यात आमच्या घरावर आलं. समोरच्या राजम्मा म्हणाल्याच, "अच्छा, तुम्हारे उधर की है!"

खरी पंचाईत 2000 साली झाली. ईटीव्ही मराठी सुरू झालं आणि ते चालतं हैदराबादहून, रामोजी फिल्म सिटीतून, ही बातमी आईला लागली. सगळ्या महाराष्ट्राचं मराठी चॅनल, आणि ते आपल्या गावात! तेव्हा एका मालिकेत एका सुनेचे हाल चालले होते. आईने दोनचार दिवस सोसलं आणि मग मला म्हणाली, "इथेच आहे ना हापीस? जाऊन सांगून येऊ. बिचारी अडाणी असेल लिहिणारी. कुणी सांगितलंच नसेल तिला."

"आई, ते खूप लांब आहे," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा ते वाक्य मला वापरायला मिळालं होतं. खरोखरच लांब आहे, शहराबाहेर, विजयवाडा रस्त्यावर.

"लांब?" आईचे डोळे चमकले. "म्हणजे प्रवासही होईल."

ती आम्हाला घेऊन फिल्म सिटी बघायला गेलीच. जगातलं सर्वांत मोठं चित्रीकरण संकुल म्हणून गिनीज बुकात नोंद असलेली ती जागा. तिथे नुसता देखाव्याचा विमानतळ आहे, देखाव्याचं रेल्वे स्टेशन आहे. आईने देखाव्याच्या देवळासमोर चपला काढल्या आणि हात जोडले.

"अम्मा, अंदर भगवान नक्को देखो, खाली है," गाइड म्हणाला. "शूटिंग कू जो होना वो बिठाते."

"असू दे," आई म्हणाली. "यायच्या आधी जागा झाडून ठेवलीय, हेच पुष्कळ झालं."

स्टेशनावर तिने तिथल्या एका गणवेशातल्या माणसाला विचारलं, "परभणी की गाडी कब है?" त्याने घड्याळ बघितलं आणि अतिशय गंभीरपणे सांगितलं, "लेट चल रही, अम्मा." आईने माझ्याकडे वळून पसंतीची मान हलवली. "अगदी हुबेहूब केलंय रे."

खऱ्या गाडीचा प्रवास नामपल्लीहून. पाटीवर 'हैदराबाद डेक्कन' लिहिलेलं असलं तरी सगळं गाव त्याला नामपल्लीच म्हणतं. घरातून दहा मिनिटांत पोचता येतं, म्हणून आई दोन तास आधी निघते. "फलाटावर बसलं, की प्रवास सुरू होतो. गाडीचं काय, ती नंतर येते." हुसेनसागर एक्स्प्रेसने पुण्याला निघालो, की विकाराबाद येईपर्यंत तिने डब्यातल्यांची नावं, गावं आणि गोत्रं विचारून घेतलेली असतात. तांडूरला डबे उघडतात. वाडीला कुणाची मुलगी आणि कुणाचा मुलगा लग्नाचा आहे ते कळतं. गुलबर्ग्याला दोन्ही पक्षांची ओळख. गाणगापूर रोड आणि अक्कलकोट रोड या दोन्ही स्टेशनांवर खिडकीतून नमस्कार, आणि नव्या सोयरिकीसाठी साकडं. सोलापूरला पत्रिका, कुर्डुवाडीला मानपान आणि दौंडला वरपक्ष रुसतो. पुण्याला उतरताना मुलाचे वडील माझ्या हातात आमची बॅग देत म्हणतात, "तुमच्या आई ग्रेट आहेत हो." मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला असतो. तो वास्तविक नोकरीच्या मुलाखतीला चाललेला असतो.

आणि प्रवास नसेल तर नुमाईश आहे. 1938 पासून चालत आलेलं हे औद्योगिक प्रदर्शन 1 जानेवारीला नामपल्लीच्या मैदानावर सुरू होतं आणि दीडेक महिना चालतं. काश्मीरच्या शाली, लखनौचं चिकनकाम, कुठकुठली लोणची. आई या दिवसांत रोज संध्याकाळी भारतभ्रमण करून येते. काश्मीरला भाव करते, लखनौला नाक मुरडते, राजस्थानात पापडाचा तुकडा चाखते आणि मैदानात फिरणाऱ्या छोट्या आगगाडीत बसून परत येते. त्या गाडीतही तिने एकदा सोयरीक जुळवायला घेतली होती, पण फेरी फार लवकर संपली.

आता आई ऐंशीची आहे. बाबा नाहीत. हवालदाराच्या टोपीतला त्यांचा फोटो भिंतीवर आहे. तिची हौस पुरवायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी आधुनिक माणूस. मी सिनेमाला जाण्याआधी त्याचं मानांकन बघतो, परीक्षणं वाचतो, खुर्ची पडद्यापासून किती अंतरावर आहे ते तपासतो, पार्किंगची चौकशी करतो. एवढं होईस्तोवर तो सिनेमा थिएटरातून निघून गेलेला असतो. एकदा आई म्हणाली, "तो नवीन आलाय, त्याला जाऊ."

"बरा नाहीये गं. सहा पूर्णांक दोन मिळालेत."

"कितीपैकी?"

"दहापैकी."

"म्हणजे फर्स्ट क्लास की रे! तुझ्या बारावीपेक्षा बरे आहेत. ऊठ."

गेलो. मी तीन तास त्यातल्या चुका मोजल्या. आई दोनदा रडली, चारदा हसली आणि खलनायकाला एकदा जोरात शिवी दिली. बाहेर पडताना दोघांच्या तिकिटांचा दर सारखाच होता, हे लक्षात येऊन मला अंमळ वाईट वाटलं.

नातीने तिला फोनवर मालिका बघायला शिकवलं आहे. आता ती हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका बघते आणि पात्रांना सोयीची नावं ठेवते : 'कुलकर्ण्यांच्या धाकट्यासारखा', 'बँकेतला', 'ती नाक उडवणारी'. सुरुवातीची नामावली गाळायचं बटण तिला अजिबात मान्य नाही. "एवढी माणसं राबली आणि त्यांची नावंसुद्धा वाचायची नाहीत?" म्हणून कोरियन लिपीतली नावं ती आदराने बघते. तीनचार भाग सलग झाले, की पडद्यावर प्रश्न येतो : अजून बघताय का? त्यावर आई मोठ्याने उत्तर देते, "हो रे बाबा, बघतेय. तू जेवून घे."

मध्यंतरी तिचा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, "आजी, जिने टाळा. सपाटीवर मात्र रोज चालायचं."

"नुमाईशचं मैदान सपाट आहे," आई म्हणाली.

"आणि दगदग नको."

"नाटकाला बसूनच असते मी. मेट्रोला सरकता जिना आहे. लिफ्टही आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांच्या फोटोत आहे तसा चेहरा केला. त्यांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या आणि आईला विचारलं, "नाटक कुठलं आहे हो? माझ्या सासूबाई पण म्हणत होत्या."

2018 साली मेट्रो नामपल्लीवरून धावू लागली आणि 'गाडी कुठे लावायची?' ही माझी शेवटची सबबही संपली. परवा रवींद्र भारतीला नाटक होतं. आई, मी, माझी बायको आणि मुलगी. दुसऱ्या अंकात माझा डोळा लागला. वडिलोपार्जित इस्टेट म्हणावी तर ती एवढीच. परतताना असेंब्ली स्टेशनवर मेट्रोत बसलो. नामपल्ली पुढचंच स्टेशन. बसता बसता मी आईला सहज विचारलं, "शेवटी त्या वाड्याचं काय झालं गं?"

विचारायला नको होतं. आईने गोष्ट पहिल्या अंकापासून सुरू केली, आणि तीही दखनीत, कारण समोर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली एक कॉलेजची मुलगी तिच्याकडे बघत होती. तिला काही कळायला नको? नामपल्ली आलं तेव्हा मोठा भाऊ नुकताच अमेरिकेहून उतरला होता. मी उठलो.

"बस खाली," आई म्हणाली. "त्याचं सामान तरी घरात जाऊ दे."

गांधी भवनला वाटणीचा विषय निघाला. उस्मानिया मेडिकल कॉलेजला धाकट्या भावजयीने कपाट फोडलं. एमजी बस स्थानकावर माणसं चढली, ती आईभोवतीच उभी राहिली. मलकपेटला उतरायचं म्हणून दाराशी गेलेले एक गृहस्थ पत्राचं ऐकून परत फिरले. दिलसुखनगरला आईने गोष्टीत पोलीस आणला.

"आजी, नाटकात पोलीस नव्हताच," माझी मुलगी कुजबुजली.

"असायला हवा होता."

"हौ अम्मा, होना था," ते मलकपेटवाले गृहस्थ म्हणाले. "आजकल भाइयाँ ऐसेइच रहते. फिर?"

चैतन्यपुरी गेलं, व्हिक्टोरिया मेमोरियल गेलं. पोलीस वाड्याच्या तळघरात उतरला होता, कॉलेजच्या मुलीने नखं तोंडात घातली होती आणि मला शपथेवर सांगतो, तळघर कुठून आलं ते माझ्या बायकोलाही आठवत नव्हतं. तेवढ्यात एल. बी. नगर आलं. गाडी थांबली, दिवे लखलखीत झाले आणि घोषणा झाली, की हे शेवटचं स्थानक आहे, सर्व प्रवाशांनी उतरून घ्यावं.

आईने पर्स काखेला लावली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि फलाटावर जमलेल्या आपल्या प्रेक्षकांकडे एकवार नजर टाकून मला म्हणाली, "मध्यंतर झालेलं दिसतंय. बटाटेवडा कुठे मिळतो का बघ. आणि आपल्यापुरता आणू नकोस, सगळ्यांना विचारून आण."